मास्तरांची आणेवारी

उमापूरच्या आप्पाराव मास्तरांना दोन माणसांचा भयंकर राग होता. एक, उशिरा येणारा माणूस. आणि दुसरा, उशिरा येऊनही ज्याचं काही बिघडत नाही असा माणूस. पहिल्याला निदान छडी मारता येते. दुसऱ्याचं काय करावं हे अठरा वर्षं मास्तरकी करूनही त्यांना उमगलं नव्हतं. आणि नेमका तसलाच एक इसम, तलवाड्याचा सुंदरराव मास्तर, बीडच्या वर्गात त्यांच्या शेजारी बसत होता. बसत होता असं आपलं म्हणायचं. सव्वीस शुक्रवारांपैकी तो नऊ शुक्रवार बसला.

हा वर्ग म्हणजे सरकारची नवी टूम. हैदराबादेहून हुकूम आला की खेड्यापाड्यांतल्या सगळ्या मुदर्रिसांनी, म्हणजे मास्तरांनी, सहा महिने दर शुक्रवारी बीडला यावं आणि शिकवायचं कसं ते शिकावं. शुक्रवार हा निजामशाहीत सुट्टीचा दिवस, तेव्हा शाळा बुडायची नाही, बुडायची ती फक्त मास्तरांची विश्रांती. आप्पाराव आधी जाम उखडले. ज्या माणसाने अर्ध्या उमापूरला बाराखडी शिकवली, पाटलाच्या पोराला पाढे शिकवून पाटीलकीच्या लायक केला, त्याला आता शिकवायचं कसं ते शिकवणार कोण, तर नुकतं मिसरूड फुटलेला एक उस्ताद. पण हुकुमाच्या शेवटी एक ओळ होती. वर्गात जो अव्वल येईल त्याला गेवराईच्या नव्या शाळेचा सदर मुदर्रिस करण्यात येईल. सदर मुदर्रिस म्हणजे हाताखाली चार मास्तर, घंटा वाजवायला शिपाई, आणि बसायला खुर्ची. हात असलेली खुर्ची.

या खुर्चीचं महत्त्व कळायला उमापूरच्या शाळेत बसून पाहायला हवं होतं. तिथे मास्तर अठरा वर्षं एका पालथ्या खोक्यावर बसत होते. त्या खोक्याला डाव्या अंगाला एक खिळा होता. तो ठोकला तरी महिनाभरात पुन्हा वर येई आणि धोतर फाडी. मास्तरांच्या एकूण एक धोतरांना डाव्या बाजूला ठिगळ होतं, आणि गावातली पोरं लांबून पाठमोरा माणूस बघून मास्तर ओळखत ते त्या ठिगळावरून. तेव्हा त्या हात असलेल्या खुर्चीसाठी आप्पाराव सव्वीसच्या सव्वीस शुक्रवार बीडला गेले. गुरुवारी दुपारी शाळा सोडायची, गेवराईपर्यंत पायी, पुढे मिळेल त्या बैलगाडीत. एकदा तर फणफणून ताप असताना गेले. गाडीत आडवे पडून गेले आणि हाजिरी झाली तेव्हा आडव्यानेच 'हाजिर' म्हणाले. वर्गात त्या दिवशी काय शिकवलं ते त्यांना आजही ठाऊक नाही, पण हाजिरी लागली.

सहा महिने संपले आणि भिंतीवर गुणांचा तक्ता लागला. एकंदर पाच बाबी, प्रत्येकीला वीस गुण. हाजिरी, लेखी इम्तिहान, तोंडी इम्तिहान, अक्षर, आणि पाचवी बाब गावची राय. म्हणजे शाळांवर देखरेख करणाऱ्या मोहतमीम साहेबांनी मास्तरच्या गावी जाऊन लोकांना विचारायचं, हा मास्तर कसा आहे, आणि त्यावर गुण द्यायचे. आप्पारावांच्या नावापुढे होतं: हाजिरी वीस, लेखी सतरा, तोंडी चौदा, अक्षर एकोणीस. गावची राय बाकी, कारण साहेबांचा उमापूरचा दौरा व्हायचा होता. तोंडीत चौदाच मिळाले कारण त्या पोरसवदा उस्तादाने प्रश्न विचारला तेव्हा मास्तरांनी सवयीने त्यालाच 'आधी उभा राहा' असं फर्मावलं होतं.

सुंदररावाची ओळ वाचून मात्र मास्तरांचं समाधान झालं. हाजिरी सात. बरोबर. नऊ शुक्रवारांचे सात. पुढे लेखी सतरा, तोंडी एकोणीस, अक्षर पंधरा, तलवाडा गावची राय अठरा. अठरा गुण देणाऱ्या तलवाडेकरांची कीव करत मास्तर मागे फिरले, तेवढ्यात तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं त्यांना दिसलं. 'पाच बाबींपैकी ज्या बाबीत सर्वांत कमी गुण असतील ती सोडून द्यावी व राहिलेल्या चारांची बेरीज आखरी समजावी.'

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. मग उभ्या उभ्या हिशेब केला. सुंदररावाची सर्वांत कमी बाब कोणती, तर हाजिरी. म्हणजे हाजिरीच सोडायची. म्हणजे सतरा शुक्रवार हा माणूस सासऱ्याच्या ओसरीवर लोडाला टेकून सुपारी कातरत बसला, त्याचं काही नाही. राहिलेल्या चारांची बेरीज एकोणसत्तर. आणि ज्याने तापात आडवं पडून 'हाजिर' म्हटलं तो आणि हा एकाच तागडीत.

सुंदरराव शेजारीच उभा होता. तो हसून म्हणाला, "आप्पाराव, कावून एवढं मनाला लावून घेता? सरकार दयाळू हाय. माणसाचं एक वंगाळ झाकून घेतंय."

मास्तरांनी पाठ फिरवली आणि उमापूरची वाट धरली. घरी येऊन पायसुद्धा न धुता त्यांनी तुळजाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, सगळी कहाणी ऐकवली. तुळजाबाईंनी चूल फुंकता फुंकता ऐकून घेतली आणि विचारलं, "त्याचे एकोणसत्तर. तुमचे किती?"

"चार बाबींचे सत्तर. अजून गावची राय यायची आहे."

"आणि समजा गावानं काहीच दिलं नाही, तर?"

"तर ती सर्वांत कमी म्हणून सुटेल. सत्तरचे सत्तर राहतील."

"म्हणजे तुम्ही आत्ताच जिंकलात की. गावानं शून्य दिलं तरी."

"एका गुणाने," मास्तर म्हणाले.

"एकानं काय आणि दहानं काय, खुर्ची एकच आहे ना? मग गप बसा. आणि पाय धुवा."

जगातले निम्मे शहाणपणाचे सल्ले चुलीपाशी दिले जातात आणि ते चुलीतच जातात. मास्तरांनी पाय धुतले, पण गप बसणं त्यांना जमेना. प्रश्न जिंकण्याचा नव्हताच. प्रश्न न्यायाचा होता. सात गुणांच्या माणसावर एका गुणाने जिंकणं हा विजय नव्हे, ती बेइज्जती आहे, असं त्यांचं ठाम मत झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या एकोणीस गुणांच्या अक्षरात एक दरखास्त लिहिली. लहान बाब सोडून देण्याचा कायदा रद्द करावा, पाचही बाबी मोजाव्यात. ती घेऊन ते गेवराईच्या कचेरीत गेले.

कारकुनाने कागद न वाचताच परत केला. दरखास्त अर्जनवीसाच्याच हातची लागते. मास्तरांनी आपलं अक्षर दाखवलं. कारकून म्हणाला, अक्षर सुरेख आहे, पण ते अर्जनवीसाचं नाही.

कचेरीबाहेर निंबाखाली बंकट अर्जनवीस बसत असे. बंकटचं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून पळावं तसं. आणि जन्मभर त्याने जमिनीच्या तक्रारींशिवाय दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. त्याने कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, "सर्वे नंबर?"

"कसला सर्वे नंबर? ही गुणांची तक्रार आहे."

"गुणाची का अवगुणाची असंना. नंबराबिगर सुरुवात करता येत न्हाई. बरं, चतुःसीमा सांगा."

"अरे, गुणांना कुठल्या चतुःसीमा?"

बंकटने लेखणी खाली ठेवली. चतुःसीमा नसलेली दरखास्त त्याच्या बापानेही लिहिलेली नव्हती. शेवटी तासभर हुज्जत होऊन असं ठरलं की पूर्वेस हाजिरी, पश्चिमेस लेखी इम्तिहान, दक्षिणेस तोंडी, उत्तरेस अक्षर, आणि मधोमध गावची राय. मग बंकट रंगात आला. मास्तरांचा मुद्दा त्याने आपल्या परीने समजून घेतला आणि लिहून टाकला: 'रानाचा खडकाळ कोपरा सोडून देऊन राहिलेल्या काळ्या जमिनीवरून जर कोणी आणेवारी धरील तर ती खोटी होय. तद्वत या मास्तरचे म्हणणे की, सुंदररावाचा खडकाळ कोपरा सरकारने सोडू नये.'

आता आणेवारी म्हणजे काय हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोराला ठाऊक. पीक भरघोस आलं तर सोळा आणे, निम्मं आलं तर आठ. साहेब दौऱ्यावर येतो, बांधावर उभा राहतो, गावाला विचारतो, यंदा किती आणे? सहाच्या खाली भरलं की शेतसाऱ्यात सूट. या हिशेबाची लोकांना इतकी सवय की मास्तर स्वतःदेखील पोरांचा अभ्यास त्यातच सांगत. शंभरपैकी साठ म्हटलं तर कोणाच्या डोक्यात शिरत नसे. नऊ आणे म्हटलं की आजीबाईला कळे. फक्त एक गोष्ट मास्तरांना अठरा वर्षं खटकत होती. पोरगं अकरा आणे आहे असं सांगितलं की आईबाप खूश व्हायच्या ऐवजी कावरेबावरे होत. शेजारची कडूबाई तर आपल्या नातवाचे, पंडितचे, बारा आणे ऐकून दर वेळी म्हणे, "एवढं नगं, मास्तर. जरा कमी धरा." मास्तर ते अडाणीपणात जमा करत.

तर ती दरखास्त. ती पहिल्यांदा परत आली कारण तारीख इंग्रजी महिन्याने घातली होती, सरकारी फसली सालातला महिना हवा होता. दुसऱ्यांदा परत आली ती हाशिया, म्हणजे कागदाचा समास, दोन बोटं कमी सोडला म्हणून. तिसऱ्यांदा बीडच्या कचेरीत साहेबांपुढे कागद ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेशकाराने ती चष्मा पुसून वाचली आणि मास्तरांना समोर बोलावलं.

"तुमचे गुण कमी आहेत?"

"नाही. सर्वांत जास्त आहेत."

"या कायद्याने तुमचं नुकसान झालं?"

"नाही."

"कायदा बदलला तर तुमचा फायदा?"

मास्तरांनी विचार केला. गावाकडून त्यांना वीसपैकी वीसची खात्री होती. "आत्ताही मीच अव्वल, तेव्हाही मीच अव्वल."

पेशकाराने दौतीत लेखणी बुडवली. मग म्हणाला, नुकसानीचा रकाना कोरा ठेवता येत नाही. काय लिहू?

"अब्रूचं," मास्तर म्हणाले. पेशकाराने तसं लिहिलं आणि मुहर मारली. मास्तरांना वाटलं, अखेर या राज्यात एक समजूतदार माणूस भेटला.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मोहतमीम साहेब मूळचे महसूल खात्यातले. तालीम खात्यात, म्हणजे शाळाखात्यात, त्यांचा जीव रमत नव्हता. खडकाळ कोपरा, काळी जमीन, चतुःसीमा हे सगळं वाचून त्यांना फार दिवसांनी घरचं पत्र आल्यासारखं वाटलं असावं. हुकूम असा: 'दरखास्त वाजवी. कोपरा सोडू नये. पाचही बाबी धराव्यात. यापुढे गावची रायही आणेवारीनेच विचारावी, म्हणजे रयतेला समजेल. सोळा आण्यांचे वीस गुण समजावेत.'

मास्तरांनी चावडीपुढे सगळ्या गावाला गूळ वाटला. विठ्ठलराव पाटलांनी गुळाचा खडा तोंडात टाकून विचारलं, "काय झालं मास्तर, येवढं?"

"लढलो आणि जिंकलो, पाटील," मास्तर छाती फुगवून म्हणाले. "आजवर काही ना काही सोडून द्यायची पद्धत होती. ती मी बंद पाडली. आता काही सुटणार नाही. कोपरान्‌कोपरा मोजला जाणार."

चावडीवरच्या लोकांचं गूळ चघळणं थांबलं. मुंजाजी धनगर, ज्याची शंभर मेंढरं होती आणि ज्याने आजवर कोणत्याही साहेबाला चाळीसच्या वर सांगितली नव्हती, तो म्हणाला, "समदंच मोजनार?"

"सगळं. आणि पुढच्या बुधवारी साहेब जातीने येणार आहेत. ते तुम्हाला माझी आणेवारी विचारतील."

"तुमची?" पाटील म्हणाले. "मानसाची बी आनेवारी धरायला लागले?"

"हो. घाबरायचं काही नाही. तुमचं नेहमीचंच काम. साहेबांपुढे जसं बोलता तसं बोला." एवढं सांगून मास्तर घरी गेले. मागे चावडीवर काय खलबत झालं ते ऐकायला ते थांबले नाहीत. थांबले असते तर ही गोष्ट इथेच आटोपली असती.

इकडे तुळजाबाईंनी लोणच्याच्या बरण्या बांधायला काढल्या होत्या. नदीवर धुणं धुताना त्यांनी कडूबाईला विचारलंही, आम्ही गेवराईला गेलो की आमच्या तुळशीला पाणी घालशील का गं. कडूबाईने हो म्हटलं. पण त्या दिवशी तिचं धुणं नीट पिळलं गेलं नाही म्हणतात.

बुधवारी साहेब आले. पांढरी दाढी, हातात काठी, मागे चोपडी घेतलेला कारकून. नियम असा की गाव बोलत असताना मास्तरने समोर राहायचं नाही. म्हणून आप्पाराव शाळेच्या भिंतीमागे उभे राहिले. तिथून ऐकू काही येत नव्हतं, दिसत मात्र सगळं होतं. साहेबांनी काहीतरी विचारलं. पाटील उठले आणि हात जोडून बोलले. मग मुंजाजी उठला. त्याने आभाळाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि मान हलवली. कडूबाईने तर पदर डोळ्यांना लावला. मास्तर भिंतीमागे टाचा उंचावून बघत होते. अठरा वर्षं या लोकांना आपण अडाणी समजत आलो, आणि त्यांच्या मनात आपल्याविषयी एवढी माया आहे, हे त्यांना आज कळत होतं. खोक्याचा खिळा, फाटलेली धोतरं, सगळ्याचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं.

जाताना साहेब त्यांच्यापाशी थांबले. क्षणभर त्यांच्याकडे बघून त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हौसला रखो, मास्टर." मास्तर वाकून म्हणाले, आपली मेहेरबानी. त्या दिवशी तुळजाबाईंनी शेवटची बरणी बांधली.

पुढच्या शुक्रवारी आखरी तक्ता लागला. मास्तर बीडला गेले ते नवं, बिनठिगळाचं धोतर नेसून. तक्त्यापुढे गर्दी होती. सुंदरराव आधीच आलेला होता. या एका शुक्रवारी तो वेळेवर आला होता.

आप्पाराव: हाजिरी वीस, लेखी सतरा, तोंडी चौदा, अक्षर एकोणीस. गावची राय चार आणे, म्हणजे गुण पाच. पाचही बाबींची बेरीज पंचाहत्तर. सुंदरराव: हाजिरीचे सात धरून शहात्तर.

मास्तरांना प्रथम वाटलं की लिहिणाऱ्याने चौदाच्या आकड्यातला एक आळसाने गाळला. त्यांनी जाऊन मूळ चोपडी मागितली. चोपडीत पाटलांचा अंगठा होता, मुंजाजीचा होता, कडूबाईचा होता, आणि वर स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं: 'चार आणे. गावाची विनंती की याहून जास्त धरू नये.' म्हातारा पेशकार तिथेच होता. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "जुन्या कायद्याने हे पाच सुटले असते मास्तर. तुम्ही सत्तर, ते एकोणसत्तर." मग चोपडी मिटून म्हणाला, "अब्रूचा रकाना आता भरला." मास्तरांना त्याचा गळा धरावासा वाटला.

सुंदररावाने पाठीवर थाप मारली. "तुमी हाजिरी धरायला लावली म्हणून जमलं बघा. तुमचे उपकार न्हाईत फिटायचे." तो खरोखर मनापासून बोलत होता, आणि तेच मास्तरांना सर्वांत जास्त झोंबलं.

उमापूरला आले तेव्हा शनिवारची दुपार कलली होती. मास्तर घरी गेले नाहीत, थेट चावडीवर गेले. पाटील, मुंजाजी, कडूबाई आणि आणखी दहा-बारा माणसं तिथे होतीच. जणू वाटच बघत होती.

"चार आणे?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "पाटील, तुमच्या पोराला मी पावकी-निमकी शिकवली. मुंजाजी, तुझी मेंढरं मोजायला तुला मी शिकवलं. आणि माझी किंमत चार आणे? दुष्काळातलं पीकसुद्धा पाच आणे असतं."

"मी तर तीनच म्हनलो व्हतो," मुंजाजी खाली मान घालून म्हणाला. "पाटलानं एक वाढवला. म्हनले, मास्तरची इज्जत ऱ्हायला पायजे."

"मी म्हनले, मास्तर बरा हाय, पर आताशा त्याला ऐकू येत न्हाई," कडूबाई म्हणाली. "आन् इसरतो बी लई."

"मी विसरतो? मी?"

पाटलांनी मास्तरांना हाताला धरून ओट्यावर बसवलं.

"मास्तर, ऐका," पाटील म्हणाले. "तीन सालामागं मांजरसुंब्याच्या माझ्या साडूकडं साहेबाचा मुक्काम पडलता. साहेब बैल बघून म्हनला, वा, काय जनावर हाय. साडू भोळा. म्हनला, सोळा आने हाय साहेब. दुसऱ्या दिशी बैल गेला साहेबाच्या गाडीला. दोन म्हयन्यानं आला तवा खांदा सोलून निघाला व्हता. तवापासून आमी काय शिकलो? आपलं चांगलं हाय ते साहेबाला दावायचं न्हाई. दावलं की नेतेत."

"मी काय बैल आहे?" मास्तर ओरडले.

"बैल असता तर कोंडून तरी ठेवला असता," पाटील शांतपणे म्हणाले. "तुळजाबाईंनी बरन्या बांधल्या, तुळस सोपवली. आमाला ठावं व्हतं. तुमीच म्हनलात, साहेबापुढं बोलता तसं बोला. बोललो. आता सांगा, सोळा आने लिवलं असतं तर आज तुमी हितं असता का गेवराईला?"

मास्तर रागावलेलेच राहिले, कारण तेवढं एकच त्यांच्या हातात होतं. "हा घोर अन्याय आहे," ते म्हणाले. "मी वर दरखास्त करीन. हैदराबादला करीन." मुंजाजीने घोंगडीखालून एक खोकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. शाळेतलंच खोकं. खिळा उपटून काढला होता आणि वर लोकरीची जाड घडी शिवली होती. दोन्ही बाजूंना बाभळीच्या लाकडाचे ओबडधोबड हात ठोकले होते, एक जरा वर, एक जरा खाली.

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते तरातरा घरी गेले. तुळजाबाईंनी बरण्या सोडायला घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. खोकं आपल्या जागी होतं. मास्तर तासभर उभे राहिले, मग पाय दुखायला लागले म्हणून बसले. खिळा लागला नाही. त्यानेही त्यांना रागच आला, कारण अठरा वर्षं हे कोणाला सुचलं नव्हतं. मधल्या सुट्टीत कडूबाई शाळेच्या दारात आली. अमावस्या जवळ आली की ती नातवाची चौकशी करायला येई, तशी आली. अपराध्यासारखी दाराच्या बाहेरच उभी राहिली.

"मास्तर, आमचा पंडित कसा काय शिकतोय?"

पंडित गेल्या महिन्यात अपूर्णांक शिकला होता. उमापूरच्या शाळेत इतक्या लवकर ते आजवर कोणाला जमलं नव्हतं. मास्तरांनी कडूबाईकडे बघितलं. मग खुर्चीच्या उंच हातावर एक हात आणि ठेंगण्या हातावर दुसरा हात ठेवून, जेवढं चिडून बोलता येईल तेवढं चिडून ते म्हणाले, "दोन आणे. त्याच्या वर एक पैसाही नाही."

कडूबाईचा चेहरा उजळला. तिने दारातूनच पंडितवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, मास्तर."

ती गेल्यावर मास्तरांनी हाजिरीपत्रक काढलं, पंडितच्या नावापुढे पंधरा आणे लिहिले, आणि पत्रक फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी, फाटक्या धोतरांखाली ठेवून दिलं.